भूमीतील गारवा आणि आपली छपरे

युरोपात शिकून परतणारे आपले काही तरुण तेथील एका यंत्राची वाखाणणी करतात. हिवाळ्यात घराखालच्या भूमीतून ऊब घ्यावी आणि उन्हाळ्यात घरातील उष्मा त्याच भूमीत सोडावा, असे ते यंत्र. ‘मग आपल्या मॉरिशसमध्ये ते का नसावे?’ हा त्यांचा सवाल. प्रश्न रास्त आहे; तेव्हा त्याचा विचारही नीट व्हावयास हवा.

प्रथम एक गैरसमज. क्यूरपीपच्या त्रू-ओ-सेर्फ विवराच्या काठी उभे राहिले की, या बेटाच्या पोटातील अग्नीवरच असली यंत्रे चालत असतील, असे मनात येते. परंतु भू-ऊष्मा पंपाचा ज्वालामुखीशी काहीही संबंध नाही. भूपृष्ठाखाली दहा-पंधरा मीटर गेले की तापमान बारा महिने जवळजवळ स्थिर राहते, आणि ते तेथील हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असते. या यंत्राचे भांडवल एवढेच. जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून पाणी खेळविले जाते. त्या पाण्याच्या ऊबेने अत्यंत कमी तापमानास उकळणाऱ्या द्रवाची वाफ होते. ती वाफ दाबली की तापते आणि आपली उष्णता घरास देते. स्वयंपाकघरातील फ्रिज मागच्या अंगाने गरम का लागतो, हे ज्याच्या ध्यानी आले, त्यास हे तत्त्व निराळे सांगावयास नको. विजेच्या एका एककामागे तीन-चार एकके उष्णता घरात येते. कारण वीज येथे उष्णता निर्माण करीत नाही, केवळ वाहून आणते. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी ही कल्पना १८५२ साली मांडली, आणि भूमीतून उष्णता घेण्याचे पेटंट हाइन्रिख त्स्योली या स्विस अभियंत्याने १९१२ साली मिळविले.

स्वीडनमध्ये बाहेर बर्फ पडत असता खडकात सात-आठ अंशांची ऊब असते. तेथे हे यंत्र वरदान ठरले, यात नवल नाही. आपली गोष्ट निराळी. पोर्ट लुईच्या बाजूस भूमीच पंचविशीच्या घरात, आणि उन्हाळ्याची हवा तीस-बत्तीस अंशांची. अंतर ते किती! शिवाय थंड देशात उन्हाळ्यात भूमीत घातलेली उष्णता हिवाळ्यात काढून घेतली जाते. आपण नुसती घालीतच राहणार. वर्षानुवर्षे नळ्यांभोवतीचा खडक तापत जाणार आणि यंत्राचा लाभ घटत जाणार. आणि तो खडक तरी कोणता? उसाच्या शेतांतून आपल्या आजा-पणजांनी उचलून ज्याचे ढीग रचले, तो काळा बसाल्ट. त्यात शंभर मीटर छिद्र पाडण्याचा खर्च सामान्य गृहस्थास पेलणारा नव्हे.

आपल्या उष्म्याचे मूळ खाली नसून डोक्यावर आहे. १९६० साली जानेवारीत ‘ॲलिक्स’ व फेब्रुवारीअखेर ‘कॅरल’ या चक्रीवादळांनी पाचटाची व पत्र्याची घरे उडवून नेली. तेव्हापासून सिमेंटच्या सपाट छपराचे घर आपण धरले. ते योग्यच झाले. पाचटाच्या गारव्याचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या रात्रीही आठवाव्यात. पण ते छप्पर दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते आपल्या अंथरुणावर ओतते. मग वातानुकूलन यंत्र येते, आणि त्याची वीज मुख्यत्वे परदेशातून आणलेल्या कोळशावर व तेलावर निर्माण होते. छपरास पांढरा रंग, त्यावर सावली, पश्चिमेस झाड, आणि जिला येथे लावारांग म्हणतात ती रुंद ओसरी, यांवर प्रथम पैसा खर्चावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुग्णालय किंवा मोठे हॉटेल यांची गोष्ट वेगळी. तेथे गारवा व गरम पाणी दोन्ही बारमाही लागतात. एकीकडून काढलेली उष्णता दुसरीकडे कामी येते. तेथे तरुण अभियंत्यांनी हिशेब अवश्य मांडावा. आपल्या सभागृहासाठी मात्र चुन्याच्या दोन बादल्या आणि चार तरुणांचा एक रविवार पुरे. तो नोव्हेंबरपूर्वी निघाला तर बरे.