ट्रकचे दार बंद होण्यापूर्वी

४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ज्या विस्तृत कर व खर्च विधेयकावर स्वाक्षरी केली, त्याची चर्चा प्राप्तिकर, मेडिकेड आणि सीमासुरक्षा या विषयांभोवती फिरली. नोकरीनिमित्त घर बदलणाऱ्यांशी संबंधित असलेली त्यातील एक तरतूद मात्र सहज नजरेआड झाली. २०१७ च्या करकायद्याने स्थलांतराच्या खर्चावरील केंद्रीय करवजावट २०१८ ते २०२५ या वर्षांपुरती स्थगित केली होती. नव्या कायद्याने ही स्थगिती कायमची केली. सवलत उरली ती लष्करी सेवेतील आणि गुप्तचर यंत्रणांतील कर्मचाऱ्यांपुरती. २०२६ पासून वजावट पुन्हा मिळेल असा हिशेब ज्यांनी मनाशी मांडला असेल, त्यांनी तो आता पुसून टाकावा.

या तरतुदीचे महत्त्व समजण्यासाठी आज अमेरिकेत घर कोण बदलते, हे पाहावे लागते. सतत स्थलांतर करणाऱ्यांचा देश ही अमेरिकेची प्रतिमा जुनी झाली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर दरवर्षी सुमारे एक-पंचमांश लोक घर बदलत असत. जनगणना विभागाच्या नोंदींनुसार २०२१ मध्ये हे प्रमाण ८.४ टक्क्यांवर, म्हणजे १९४८ पासूनच्या नीचांकावर आले. पुढे गृहकर्जाच्या दरांनी पाय आणखी जखडले. तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २०२१ मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांपर्यंत पोहोचला. स्वस्त कर्जाचे घर सोडून महागड्या कर्जाचे घर घेणे कोणालाच रुचणारे नाही. अशा काळातही जो बिऱ्हाड हलवतो, त्याच्यामागे बहुधा नोकरीचा तगादा असतो. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्याचा नियम लागू केला, हे त्याचे एक ठळक उदाहरण. जो सवडीने निघतो तो चार ठिकाणी चौकशी करतो. ज्याच्यापुढे तारीख उभी असते, तो पहिल्या बऱ्या भावाला होकार देतो.

एच-वन-बी व्हिसावरील आपल्या वाचकांसाठी ही तारीख अधिक कठोर असते. नवे कामाचे ठिकाण जुन्या महानगर क्षेत्राच्या बाहेर असेल, तर तेथे काम सुरू करण्यापूर्वी कंपनीने सुधारित अर्ज दाखल करणे आवश्यक आहे. २०१५ च्या सिमिओ निर्णयाने हे स्पष्ट केले. नवा पत्ता दहा दिवसांच्या आत इमिग्रेशन विभागाला कळवावा लागतो. नोकरी गेल्यास हाती फार तर साठ दिवस असतात. अर्ज दाखल होण्याआधी ट्रकची तारीख पक्की करणे धोक्याचे, आणि अर्जाची वाट पाहत बसावे तर मे ते ऑगस्ट या गर्दीच्या हंगामात ट्रक मिळणे कठीण. म्हणून कंपनीच्या वकिलाकडून तारीख घेणे ही खर्चाच्या नियोजनाची पहिली पायरी ठरते.

भत्त्याचे गणित

कंपनीने देऊ केलेला स्थलांतर भत्ता ऐकताना जेवढा वाटतो, तेवढा हाती येत नाही. वजावटीबरोबरच कंपनीकडून मिळणाऱ्या प्रतिपूर्तीवरील करसवलतही २०१८ पासून गेली, त्यामुळे हा भत्ता पगाराप्रमाणे करपात्र आहे. १०,००० डॉलरचा भत्ता घेऊ. त्यातून २२ टक्के दराने २,२०० डॉलर केंद्रीय कर आगाऊ कापला जातो. सोशल सिक्युरिटीचे ६२० आणि मेडिकेअरचे १४५ डॉलर त्यात मिळवले, की हाती ७,०३५ डॉलर उरतात. राज्याचा कर असेल तर ही रक्कम आणखी खाली येते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात राज्याच्या करापुरती वजावट अजून मिळते, म्हणून पावत्या जपून ठेवाव्यात. परंतु खरी वाटाघाट नोकरीचा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वीच करायची असते. कराचा भार कंपनी उचलणार का, आणि ठरावीक मुदतीत नोकरी सुटल्यास भत्ता परत द्यावा लागेल का, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. कंपनीनेच कामावरून कमी केले तरीही परतफेड करावी लागेल का, हा तिसरा प्रश्न सध्याच्या दिवसांत पहिल्या दोघांइतकाच महत्त्वाचा आहे.

किंमत नव्हे, अंदाज

भत्त्याची रक्कम ठरली की लक्ष ट्रककडे वळते, आणि येथेच पहिली गफलत होते. सामान हलवणारी कंपनी जो आकडा सांगते, त्याला आपण किंमत समजतो. कायद्याच्या दृष्टीने तो अंदाज असतो आणि त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना बंधनकारक अंदाज घेतला, तर यादीतील सामानासाठी व ठरलेल्या सेवांसाठी तीच रक्कम द्यायची असते. बंधनकारक नसलेल्या अंदाजात अंतिम बिल प्रत्यक्ष वजनावर ठरते. मात्र सामान उतरवताना अंदाजाच्या ११० टक्क्यांहून अधिक रक्कम कंपनी मागू शकत नाही. वाढीव रकमेसाठी तिने किमान तीस दिवस थांबावे लागते. म्हणजे अंदाज ५,००० डॉलरचा असेल, तर दारात ५,५०० डॉलर पुरेसे आहेत. जास्तीच्या सेवा मागितल्या किंवा ट्रक दारापर्यंत पोहोचू न शकल्याने छोटी गाडी लागली, तर त्याचे पैसे वेगळे असतात.

दोन्ही प्रकारांतील फरक जोखमीचा आहे. वजन वाढले तर भुर्दंड कोणी सोसायचा, याचे उत्तर अंदाजाच्या प्रकारात असते. दूरध्वनीवर ऐकलेला कमी आकडा आणि घर पाहून दिलेला जास्त आकडा यांची तुलना म्हणूनच फसवी ठरते. घरातील सामानाची प्रत्यक्ष किंवा व्हिडिओद्वारे पाहणी करणे कंपनीवर बंधनकारक आहे. ग्राहकाने लेखी नकार दिला तरच ती टळते. हा नकार कधीही देऊ नये. वजनावर आकारणी होणार असेल, तर काटा होताना हजर राहण्याचा, आणि सामान उतरवण्यापूर्वी विनामूल्य फेरवजन मागण्याचा अधिकार ग्राहकाला आहे.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र वेळेचा आहे. ठरलेल्या दिवशी सामान यादीपेक्षा अधिक निघाले, तर कंपनी सामान भरण्यापूर्वी नवा अंदाज देऊ शकते किंवा काम नाकारू शकते. नवा अंदाज न देता तिने सामान भरायला घेतले, की जुनाच अंदाज कायम झाला असे कायदा मानतो. अर्थात कायद्यानेही सीमारेषा ट्रकच्या दाराशीच आखली आहे. त्या क्षणापर्यंत ग्राहक नाही म्हणू शकतो. दार बंद झाल्यावर संसार परक्याच्या ताब्यात असतो आणि उरते ते फक्त कागदाचे बळ.

एडिसनहून प्रिन्स्टनला किंवा फ्रीमॉन्टहून सॅन रॅमॉनला, अशा राज्यांतर्गत स्थलांतराला हे केंद्रीय नियम लागू नाहीत. तेथे राज्याचा कायदा चालतो. न्यू जर्सीत ग्राहक व्यवहार विभागाचा परवाना लागतो. टेक्सासमध्ये मोटार वाहन विभाग या व्यवसायाची नोंदणी करतो. कॅलिफोर्नियात हे काम २०१८ पासून घरगुती वस्तू व सेवांच्या स्वतंत्र ब्युरोकडे आहे. तेथे करारावर कमाल रक्कम लिहिणे सक्तीचे असून, कामातील बदलाच्या लेखी नोंदीवर ग्राहकाने सही केल्याखेरीज तिच्यापुढे जाता येत नाही. जवळच्या अंतराची आकारणी साधारणपणे तासांवर होते, आणि कॅलिफोर्नियात दोन घरांमधील प्रवासाचा वेळ दुप्पट धरण्याची पद्धत आहे. त्यामुळे माणशी दर विचारून भागत नाही. घड्याळ कधी सुरू होते, किमान किती तासांचे पैसे द्यावे लागतात, आणि इमारतीची लिफ्ट आरक्षित नसल्याने गेलेला वेळ कोणाच्या खात्यावर पडतो, हे विचारावे लागते. अनेक उंच इमारती सामान हलवणाऱ्या कंपनीच्या विम्याचे प्रमाणपत्र आधी मागतात. ते नसेल तर ट्रक दारात आणि माणसे खाली उभी, अशी अवस्था होते.

साठ सेंटचा हिशेब

नुकसानभरपाईचा प्रश्न बहुतेकांना काच फुटल्यावरच आठवतो. आंतरराज्य वाहतुकीत पूर्ण मूल्याचे संरक्षण हा मूळ पर्याय असतो. त्यात हरवलेल्या किंवा मोडलेल्या वस्तूची दुरुस्ती, बदली वस्तू किंवा तिची किंमत देणे कंपनीवर येते. हे संरक्षण सोडत असल्याची सही केली, की बिल कमी होते आणि जबाबदारी दर वस्तूमागे पौंडाला ६० सेंट इतकी उरते. या दराने ५० पौंडांच्या दूरचित्रवाणी संचाचे ३० डॉलर आणि २० पौंडांच्या हार्मोनियमचे १२ डॉलर मिळतील. किंमत कितीही असो, मोजले जाते ते वजन.

पूर्ण मूल्याचे संरक्षण घेतले तरी एक अट राहते, आणि ती मराठी घरांना नेमकी लागू पडते. पौंडाला १०० डॉलरपेक्षा अधिक किमतीच्या वस्तू यादीत स्वतंत्रपणे नोंदवल्या नसतील, तर कंपनी त्यांच्या भरपाईची जबाबदारी मर्यादित करू शकते. देवघरातील चांदीची उपकरणी या वर्गात सहज बसतात. हातमागावरची भारी पैठणीही बसते. ‘पूजेचे साहित्य’ किंवा ‘कपडे’ एवढेच लिहिलेल्या खोक्यातून त्या गेल्या, तर नंतर वाद घालणे अवघड जाते. अशा वस्तू नोंदवाव्यात; दागिने व कागदपत्रे मात्र सोबतच न्यावीत. स्वतः भरलेल्या खोक्यांतील तुटफुटीचा दावाही सिद्ध करणे कठीण असते, म्हणून पैसे वाचवण्यासाठी पुस्तके आणि कपडे आपण बांधावेत, काचसामान त्यांच्याकडून बांधून घ्यावे. दावा लेखी करायला डिलिव्हरीनंतर नऊ महिन्यांची मुदत असते.

कायदा आहे, पण दंड?

एवढे अधिकार असताना ग्राहक फसतो कसा? याचे उत्तर अंमलबजावणीत आहे. संकेतस्थळावर भाव देणारे अनेक जण स्वतः ट्रक चालवत नाहीत. ते दलाल असतात. आपण दलाल आहोत हे सांगणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, पण ते बारीक अक्षरांत लपते. मग ठरलेल्या दिवशी भलतीच कंपनी दारात येते, सामान भरते आणि वाढीव पैशांसाठी ते अडवून ठेवते. इंग्रजीत याला सामान ओलीस ठेवणे म्हणतात. २००५ च्या कायद्याने या गुन्ह्यासाठी प्रत्येक उल्लंघनामागे किमान १०,००० डॉलरचा नागरी दंड ठरवला आहे. परंतु २०१९ मधील एका प्रकरणानंतर, असा दंड स्वतःच्या सुनावणीतून लावण्याचा स्पष्ट अधिकार आपल्याला नाही, अशी भूमिका फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन या नियामक संस्थेला घ्यावी लागली. तपासमोहिमा झाल्या, २०२३ मध्ये ‘ऑपरेशन प्रोटेक्ट युवर मूव्ह’ राबवली गेली. मात्र दंडाच्या धाकाविना नियामकाचा शब्द किती चालणार? हा अधिकार परत देणारे विधेयक एलेनॉर होम्स नॉर्टन आणि माइक इझेल यांनी दोन्ही पक्षांच्या वतीने प्रतिनिधिगृहात २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मांडले. करवजावट काढून घेण्यासाठी जेवढी तत्परता दिसली, तेवढी या साध्या दुरुस्तीसाठी दिसलेली नाही.

म्हणून सध्या तरी सावधगिरीचा भार ग्राहकावरच आहे. आंतरराज्य कंपनीचा यूएसडॉट क्रमांक नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो, आणि ती वाहक आहे की दलाल हेही तेथे कळते. मोठी आगाऊ रक्कम, फक्त रोख व्यवहाराचा आग्रह आणि कोरा किंवा अर्धवट भरलेला करार ही तिन्ही लक्षणे दिसली, तर ट्रक दारात असला तरी परत पाठवणे स्वस्त पडते.

आपल्या समाजात या कामी मंडळाचे व्हॉट्सॲप गट पुढे येतात. ‘माझे काम चांगले झाले’ ही शिफारस प्रामाणिक असते, पण अपुरी असते. अंदाज बंधनकारक होता का, अंतिम बिल त्यापेक्षा किती निराळे आले, आणि नोंदणी क्रमांक कोणता, या तीन गोष्टी नावासोबत सांगितल्या, तर त्याच शिफारशीचे मोल अनेक पटींनी वाढते. नव्या शहरात एकट्याने उतरणाऱ्या तरुण कुटुंबाकडे वेळ नसतो आणि ओळखीही नसतात. त्यांच्या हाती ही माहिती सामान भरण्याआधी पोहोचायला हवी. त्यानंतर मिळालेला सल्ला कितीही शहाणपणाचा असला, तरी तो वरातीमागून आलेल्या घोड्यासारखाच ठरतो.