जाळ्याची भरपाई मिळते, पण मुशीचे काय?

अकलूजच्या ऊसपट्ट्यात नुकसानभरपाई म्हटली की पंचनामा डोळ्यांसमोर येतो. भर समुद्रात पंच कोठून मिळणार? त्यामुळे कोकणातील मच्छीमाराला छायाचित्रावर भागवावे लागते. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी जीव जाळे कापून जिवंत सोडल्यास जास्तीत जास्त २५ हजार रुपये देण्याची राज्य शासनाची योजना डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. वन विभागाचा कांदळवन कक्ष व मत्स्यव्यवसाय विभागाची ही संयुक्त योजना. भरपाई जाळ्याची, वाया गेलेल्या फेरीची नव्हे.

गुजरातमध्ये २००४ साली सुरू झालेल्या मोहिमेत मोरारीबापूंनी व्हेल शार्कला बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली. तेथेही भावनेला पैशाची जोड द्यावीच लागली.

मार्ग योग्य असला, तरी तो अरुंद आहे. केंद्राने जुलै २००१ मध्ये सर्वच मुशी व पाकटांना संरक्षण दिले होते. मच्छीमारांच्या विरोधानंतर डिसेंबरमध्ये ते मोजक्या जातींपुरते उरले. २०२२ च्या कायदादुरुस्तीने यादी वाढली. मात्र बहुतेक जाती आजही तिच्या बाहेर आहेत. मुशी उशिरा वयात येते आणि पिले थोडी देते. ट्रॉलच्या जाळ्यात सापडलेली ही पिले बाजारात सर्रास विकली जातात. ती सोडणाऱ्याला या योजनेतून दमडीही मिळत नाही. व्हेल शार्कचे छायाचित्र वृत्तपत्रात झळकते, वीतभर मुशीचे कोण छापणार? जाळे कापणाऱ्याप्रमाणेच जाळ्याच्या आसाचा आकार वाढविणाऱ्यालाही अनुदान द्यायचे, तर योजनेचे निकषच बदलावे लागतील.