मुक्कामाची उंचीही छापा

आशियातील आणि जगातील सर्वांत उंच शिखर एव्हरेस्ट, उंची ८,८४८.८६ मीटर. नेपाळ आणि चीनने हा आकडा ८ डिसेंबर २०२० रोजी एकत्रितपणे जाहीर केला. आपण शाळेत शिकलो तो ८,८४८ हा आकडा भारतीय सर्वेक्षण खात्याच्या १९५५ च्या मोजणीचा. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८५६ मध्ये, २९,००२ फूट म्हणजे सुमारे ८,८४० मीटर ही उंची जाहीर झाली होती. नेपाळमध्ये प्रवेश नव्हता. म्हणून दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून, मैदानात थिओडोलाइट लावून शिखराचे कोन मोजले गेले आणि राधानाथ सिकदर यांच्यासारख्या गणितज्ञांनी त्यावरून हिशेब केला. उपग्रहांच्या आजच्या मोजणीशी फरक जेमतेम नऊ मीटरचा!

ही उंची मोजतात समुद्रसपाटीपासून. भरती-ओहोटीच्या अनेक वर्षांच्या नोंदींची सरासरी काढून हे ‘शून्य’ ठरते. भारताच्या शून्यासाठी ज्या नऊ ठिकाणच्या नोंदी घेतल्या, त्यांत मुंबईही होती.

शरीराला मात्र मीटर कळत नाहीत, त्याला कळतो हवेचा दाब. समुद्रकाठी तो पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो. १९८१ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय मोहिमेतील डॉ. क्रिस्टोफर पिझो यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर तो मोजला, तेव्हा भरला २५३. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तिथेही २१ टक्केच असते; पण दाब एक-तृतीयांशावर आल्याने प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू त्याच हिशेबाने घटतो. उत्तर अमेरिकेतील सर्वांत उंच शिखर डेनाली ६,१९० मीटरचे. ते ध्रुवाच्या जवळ असल्याने तिथे हवेचा दाब हिमालयातील तेवढ्याच उंचीपेक्षा कमी असतो. नकाशावरची उंची सारखी असली तरी शरीराला डेनाली अधिक उंच वाटते.

साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ मध्ये एव्हरेस्ट, २०२१ मध्ये अन्नपूर्णा आणि २०२२ मध्ये कांचनजंगा सर केले. अशा मोहिमांत गिर्यारोहक कित्येक दिवस टप्प्याटप्प्याने वर-खाली करून शरीराला विरळ हवेची सवय लावतात. आपल्या भागातून चारधामला निघालेल्या साठीच्या आजी-आजोबांना ही सवड मिळत नाही. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. हेलिकॉप्टर काही मिनिटांत तिथे नेऊन सोडते. तिथला हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. तिथे त्रास झाला नाही, म्हणून केदारनाथलाही होणार नाही, हा हिशेब चुकीचा आहे.

विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि तो तरुण, धडधाकट माणसालाही होतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, चक्कर ही पहिली लक्षणे. ती दिसली की आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, तोल जाणे, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले, तर रुग्णाला ताबडतोब खाली आणावे. प्राणवायू आणि औषधे मिळाली तर द्यावीत, पण त्यांच्या भरवशावर उतरणे लांबवू नये. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून अधिक उंचावर नसावा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असणाऱ्यांनी तारीख ठरवण्याआधीच डॉक्टरांना भेटावे. प्रतिबंधक गोळ्याही शेजाऱ्याने घेतल्या म्हणून घेऊ नयेत.

अमरनाथ यात्रेसाठी आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे. ते घ्यायला सरकारी रुग्णालयात येणारे लोक साखर आणि रक्तदाबाचे आकडे सांगतात. पण मुक्काम किती उंचीवर आहे, हे विचारले की गप्प होतात. दोष त्यांचा नाही. यात्रा कंपन्यांच्या पत्रकांत नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सारा बेत असतो, फक्त हा आकडा नसतो. प्रत्येक मुक्कामापुढे त्याची उंची आणि आदल्या मुक्कामापासूनची चढण छापणे आयोजकांना बंधनकारक करावे. त्याला खर्च एका ओळीच्या शाईचा. पिढ्यान्‌पिढ्या खपून सर्वेक्षकांनी ही उंची मोजून ठेवली आहे. ती यात्रेकरूंच्या हाती पडायला हवी.