उतरवलेल्या तारा

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गिटार शिकायला निघालेल्या बँक कारकुनाकडे समाज ज्या नजरेने पाहतो ती नजर मी सोसली आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे आमच्या क्लासच्या सरांबद्दल. सर माझ्या निम्म्या वयाचे. गेल्या शनिवारी मी गिटार भिंतीला टेकवून पाणी प्यायला गेलो. परत येऊन बघतो, तर सरांनी तिच्या चार तारा वर चढवून ठेवलेल्या! वर म्हणतात, "काका, फारच उतरली होती हो तुमची गिटार. लावून दिलीय."

उतरली होती? अहो, उतरली नव्हती, मी उतरवली होती! चांगली वीस मिनिटं खपून, मोबाइलमधल्या ट्यूनरकडे डोळे लावून. उद्या एखाद्याने लेकीच्या लग्नासाठी मुदत ठेव मोडायला दिली आणि काउंटरवरच्या माणसाने ती परस्पर आणखी पाच वर्षांसाठी रिन्यू करून हसतमुखाने पावती हातात ठेवली, तर चालेल का?

गिटार न वाजवणाऱ्या सज्जनांसाठी ही भानगड थोडक्यात सांगतो. गिटारला सहा तारा. जाडीकडून बारकीकडे त्या ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. याचं नाव स्टँडर्ड ट्यूनिंग. मी त्यातल्या दोन्ही ई डीवर आणतो, जी एफवर आणि बी एवर. म्हणजे चार तारा दोन-दोन पडदे खाली, दोन जागच्या जागी, वर एकही नाही. पेटीवरच्या पांढरी दोनला सा धरलात, तर हाती लागतं ते सा, प, सा, कोमल ग, प, सा. डाव्या हाताचं एकही बोट न लावता उजवा हात फिरवा, अख्खा मायनर कॉर्ड वाजतो. याला म्हणतात ओपन डी मायनर. आणखी खर्जात जायची हौस असणारे सगळंच आणखी एक स्वर खाली, सीवर नेतात. माझ्या तारा तिथे पोचल्या की वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबतात, म्हणून मी डीवर थांबलो.

सरांचा पहिला मुद्दा असा, की स्टँडर्ड ते स्टँडर्ड. या शब्दाची मला नोकरीनेच धास्ती घातली आहे. हेड ऑफिसचं परिपत्रक आलं की शाखेत कुणी "का?" विचारत नाही. पण हे स्टँडर्ड जरा तपासून बघा. शेजारशेजारच्या तारांत चार ठिकाणी सा ते म एवढं अंतर, आणि जी-बीमध्येच तेवढं सा ते शुद्ध ग. ताळेबंद जुळेना म्हणून कुणीतरी सस्पेन्स अकाउंटला टाकलेली रक्कमच जणू! बोटांना ते सोयीचं पडतं, हे मला मान्य आहे. पण म्हणून काय सोयीला सोवळं नेसवायचं? आपल्याकडे मालकंस गायचा तर तंबोऱ्याची पंचमाची तार मध्यमाला आणतात, कारण मालकंसात पंचमच नाही. सतारीच्या तरफा रागागणिक फिरवतात. तिथे कुणी "बुवा, उतरलाय तुमचा" म्हणत खुंटी पिळत नाही. पिळलीच, तर बुवा त्याचा कान पिळतील.

दुसरा मुद्दा, मायनर म्हणजे रडकं. "काका, एकदा मायनरमध्ये लावलीत की सगळं रडकंच वाजणार. निदान ओपन मेजर तरी लावा!"

इथे मात्र मी पेटलो.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यात बेंटोनिया म्हणून एक लहानसं गाव आहे. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या गिटार अशीच मायनरला लावून ब्लूज गात आले. त्यांच्यातला स्किप जेम्स १९०२ सालचा. १९३१ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला त्याच्या रेकॉर्डी निघाल्या. ऐन मंदीत रेकॉर्डी घेणार कोण? गडी गाणं सोडून चर्चच्या मार्गाला लागला. थेट १९६४ साली काही तरुण शौकिनांनी त्याला इस्पितळातून हुडकून काढलं आणि त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात तो हजारोंसमोर गायला.

तर या ट्यूनिंगची मेख आहे तिसऱ्या तारेत. ती पहिल्या पडद्यावर दाबा. कोमल गचा शुद्ध ग झाला, मायनरचा मेजर झाला! खर्च एक बोट. आता ओपन मेजर लावून उलटा प्रवास करून दाखवा. तिथे मोकळी तारच शुद्ध गची. कोमल ग तिच्याखाली, आणि मोकळ्या तारेच्या खाली पडदा नसतो. दुसऱ्या तारांवर धुंडत बसा हवं तर; ही तार खाली यायची नाही. या स्किप जेम्सने त्याच १९३१ साली, याच मायनर जुळणीत 'आय एम सो ग्लॅड' नावाचं गाणं वाजवलंय. म्हणजे 'मी केवढा खूश आहे'! पुढे १९६६ साली क्रीम या इंग्रज मंडळींनी ते विजेच्या गिटारींवर दणकावलं. काढा म्हणावं यातून रडकं!

तिसरा मुद्दा, ढिल्या तारा पडद्यांवर खडखडतात. खडखडतात. जाड तारांचा संच घातला, उजवा हात हलका ठेवला, की पुष्कळ कमी होतं. उरतं त्याला मी जवारी म्हणतो. सर वेगळं काही म्हणतात.

सरांना एक गोष्ट मी सांगितली नाही. पांढरी दोन ही आमच्या दादांची पट्टी. दर गुरुवारी जेवणं आटोपली की दादा पेटी काढून भजनाला बसायचे, आणि मी मागे झांजा. दादांना जाऊन तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात वहिनी आल्या होत्या. मी आतल्या खोलीत नुसत्या मोकळ्या तारा छेडत बसलो होतो, गाणं वगैरे काही नाही. वहिनी चहाचा कप घेऊन दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊजी, ही यांचीच पट्टी ना?"

या शनिवारी मी गिटारच्या डोक्यावर चिठ्ठी चिकटवून नेली, 'खातेदाराच्या सहीशिवाय फेरफार करू नये.' सरांनी ती मोठ्याने वाचली, वर्गातली पोरं हसली, सरही हसले. मग मला तहान लागली, तेव्हा मी गिटार बरोबर घेऊनच पाणी प्यायला गेलो.