ताटातला बांगडा राहू द्या, मोरी काढा

गरोदर बाईचे मासे बंद करू नका. बंद करायचीच तर मोरी, म्हणजे शार्क, बंद करा, मोठा कुपा, म्हणजे टूना, बंद करा. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील चालू राहू द्या. कोकणकिनाऱ्यावर स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हे मी तपासणीच्या टेबलापाशी सतत सांगत असते. आता छापून सांगायची वेळ आली आहे, कारण मोबाइलवर काहीतरी वाचून मासे पार सोडून दिलेल्या मुली माझ्याकडे वाढत्या संख्येने येऊ लागल्या आहेत.

अशीच एक मच्छीमाराच्या घरातली सून सासूबरोबर आली होती. पाचवा महिना, हिमोग्लोबिन नऊच्या खाली. "माशांत पारा असतो ना मॅडम? बाळाच्या मेंदूला लागतो म्हणे. मी वरणभातच खाते." सासू लगेच उसळली. "आमच्या येळेक कोणी मासे सोडलेले? आणि ही बाळंत झाली काय मी मोरी करतलंय, दुधाक बरी." सुनेची भीती खोटी नव्हती आणि सासूचा अनुभवही. पण सुनेने बांगडा सोडला होता आणि सासू मोरी रांधायला निघाली होती. नेमकं उलट व्हायला हवं होतं.

पारा समुद्रात येतो तो मुख्यतः माणसाच्या उद्योगांतून, कोळशाचा धूर हा त्यातला एक मोठा स्रोत. पाण्यातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो आधी सूक्ष्म जीवांत, मग लहान माशांत, मग त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत साठत जातो. मासा जितका मोठा, म्हातारा आणि शिकारी, तितका पारा जास्त. हा पारा चरबीत नसतो, मांसाच्या प्रथिनांना चिकटलेला असतो. त्यामुळे कितीही धुवा, आगळ लावा, उकळा, तो जात नाही. वार तर त्याला अडवतच नाही. बाळाच्या नाळेतल्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षा जास्त सापडतो. जपानमधल्या मिनामाताचा आजार 1956 मध्ये उजेडात आला, तेव्हा स्वतःला फारसं काही न झालेल्या आयांच्या पोटी मेंदूला जबर इजा झालेली मुलं जन्मली. तिथे बाळाच्या नाळेचा सुकलेला तुकडा घरात जपून ठेवायची रीत आहे. डॉ. मासाझुमी हाराडा यांनी तेच तुकडे गोळा करून त्यांतला पारा मोजला, आणि गर्भातच विषबाधा झाल्याचा पुरावा हाती आला.

सेलेनियम इथे येतं. शरीराला ते अगदी थोडं लागतं, पण मेंदूचं रक्षण करणारी आणि थायरॉइडचं संप्रेरक कामाला लावणारी काही विकरं त्याच्याशिवाय चालत नाहीत. पाऱ्याची सेलेनियमवर विलक्षण ओढ असते. तो या विकरांतलं सेलेनियम धरून बसतो आणि विकर निकामी होतं. सेलेनियमने उंदरांना पाऱ्याच्या विषापासून वाचवता येतं, हे प्रागच्या संशोधकांनी 1967 मध्येच दाखवलं होतं. बहुतेक समुद्री माशांत पाऱ्याहून सेलेनियम जास्त असतं. काही मोठे शार्क आणि पायलट व्हेल यांच्यात हे गणित उलटतं.

म्हणूनच दोन बेटांच्या अभ्यासांकडे मी पुन्हा पुन्हा वळते. फेरो बेटांवर गरोदर बायका पायलट व्हेलचं मांस खात. त्यांची मुलं सातव्या वर्षी भाषा, लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. सेशेल्सच्या बायका आठवड्याला बाराएक वेळा मासे खात, पण त्यांच्या मुलांत असं सातत्याने नुकसान आढळलं नाही. ब्रिटनच्या ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मातांचा अभ्यास 2007 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तिथे आठवड्याला 340 ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्या आयांच्या मुलांची भाषिक बुद्धी कमी पडण्याची शक्यता जास्त होती. मासे सोडण्याचीही किंमत असते, आणि ती बाळच मोजतं. तरीही सेलेनियमला मी कवच म्हणणार नाही. फेरोच्या संशोधकांनी सेलेनियममुळे मुलं वाचली का हे मुद्दाम तपासलं, आणि तसं त्यांना दिसलं नाही. सेलेनियम भरपूर आहे म्हणून मोरी चालेल, असा अर्थ कुणी काढू नये.

सेलेनियमच्या गोळ्यांचंही तेच. अमेरिकी मानकांनुसार गरोदर बाईला दिवसाला 60 मायक्रोग्रॅम सेलेनियम लागतं आणि 400 च्या पुढे जाऊ नये. बांगड्याच्या दोन-तीन तुकड्यांतून त्यातला मोठा वाटा मिळतो, शिवाय अंडी आणि डाळी आहेतच. जास्त झालं तर काय होतं, त्याची चर्चा 2025 च्या सुरुवातीला बुलढाण्यात झाली. शेगाव भागातल्या गावांत लोकांचे केस अचानक मुठीमुठीने गळू लागले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून रेशनवरच्या पंजाबी गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. तेव्हा सांगितल्याशिवाय सेलेनियमची गोळी कुणी सुरू करू नका.

मोरीबद्दल मात्र मला सासवांशीच बोलायचं आहे. बाळंतिणीला मोरी घालायची ती मायेनेच, हे मी जाणते. माझ्याही आईने घातली आहे. पण मोरी हा शार्कच. पिल्लू असेल तर पारा कमी असतो, पण बाजारात तुकडे केलेली मोरी लहान की मोठी हे कसं ओळखणार? दूध वाढतं ते बाळाला वरचेवर पाजल्याने आणि आईच्या पोटभर जेवणाने. तिला तारल्यांचं तिखलं द्या, मुडदुशीचं सार द्या, पावसात नुस्तं नसेल तेव्हा सुका बोंबील आणि सुकट आहे. मोठी सुरमई कधीतरी, एखादा तुकडा. आठवड्यातून दोन-तीनदा लहान मासे पोटभर खाल्ले तरी मी कुणाला रागावणार नाही.

हे सगळं सासूला पटवायला डॉक्टरच लागावा, हे बरोबर नाही. गरोदर बाईच्या हातातल्या माता व बाल संरक्षण कार्डावर आपल्या माशांची आपल्या नावांनी यादी हवी: हे खा, हे कमी, हे नको. टाइलफिश आणि स्वोर्डफिश सांगणाऱ्या परदेशी याद्यांचा मिरकरवाड्याच्या किंवा मालवणच्या बाजारात काय उपयोग? तिथे उतरणाऱ्या माशांत पारा आणि सेलेनियम दोन्ही एकत्र मोजून आकडे दरवर्षी जाहीर करावेत. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, प्रयोगशाळा आहेत. कोळणीला त्या आकड्यांची भीती वाटायचं कारण नाही, तिच्या टोपलीतले बहुतेक मासे त्यात चांगलेच ठरतील.

आणि ही यादी दवाखान्यात येण्याआधी घरात पोहोचायला हवी. शरीरातला मिथाइल पारा निम्मा व्हायला दीड-दोन महिने लागतात. माझ्याकडे बहुतेक मुली येतात तेव्हा तिसरा महिना सरत आलेला असतो आणि बाळाच्या मेंदूची घडण कधीच सुरू झालेली असते. आशाताई नव्या सुनेच्या घरी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेऊन जाते, तेव्हाच ही यादीही तिच्या पिशवीत असू द्या.