विचार करण्याची मजुरी

मंडळी, गाडी थरथरायला लागली की आपण "का?" असं विचारत नाही, "काय बदलू?" असं विचारतो. माझी तक्रार या सवयीबद्दल आहे.

माझ्या पुतण्याचंच बघा. जुन्नर तालुक्यात राहतो, पिकअपमधून नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेतो. सगळं घर त्या गाडीवर चालतं. क्लचप्लेट बदलून आणली आणि ताशी ६० च्या पुढे गाडी थरथरू लागली. एका गॅरेजने चाकांचं बॅलन्सिंग केलं, दुसऱ्याने दोन नवे टायर घालायला लावले, तिसऱ्याने सेंटर बेअरिंग बदललं. थरथर तशीच! कर्जाचा हप्ता चुकला तो वेगळाच. "तात्या, रात्री घाटात जीव मुठीत धरून चालवतो," असं म्हणाला.

शेवटी एक वयस्क मेस्त्री भेटले. पान्याला हात न लावता त्यांनी आधी प्रश्न विचारले.

थरथर स्टेअरिंगला जाणवते की सीटखाली? स्टेअरिंगला असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटखाली असेल तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट. फक्त ब्रेक दाबल्यावर येते का? तसं असेल तर डिस्क किंवा ड्रम बघायचे. ६० च्याच वेगाला चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये फरक पडतो का? नसेल तर इंजिनवरचा संशय कमी, कारण गिअर बदलला की इंजिनचे फेरे बदलतात, चाकांचे नाही. हेलकावा आहे की बारीक झिणझिण्या? त्या वेगाला चाक सेकंदाला सात-आठ फेरे घेतं, शाफ्ट साधारण त्याच्या चौपट. म्हणून चाकाचा दोष हेलकाव्यासारखा लागतो आणि शाफ्टचा झिणझिण्यांसारखा.

पुतण्याची उत्तरं शाफ्टकडे बोट दाखवत होती. शाफ्टचे दोन भाग दात्यांनी एकमेकांत बसतात. दोन्ही टोकांना क्रॉस धरणारे कान एका रेषेत हवेत, तरच एका क्रॉसमुळे फिरण्यात येणारी चढउतार दुसरा मिटवतो. क्लचच्या कामात शाफ्ट सोडवला होता आणि जोडताना एक दाता चुकला होता. नीट बसवला, थरथर गेली. एकही नवा पार्ट लागला नाही. सोडवण्याआधी खडूची एक रेघ ओढली असती तर...!

आणि मजुरी ऐकल्यावर पुतण्या काय म्हणाला? "एवढे? बदललं तर काहीच नाही!" टायरचे पैसे त्याने निमूट मोजले होते, कारण टायर डोळ्यांना दिसतात.

मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. आपण वस्तूचे पैसे देतो, विचाराचे देत नाही. मग गॅरेजवाला पार्टच विकणार! त्याला तरी नावं का ठेवायची? गणिताच्या पेपरात आम्ही पायऱ्यांनाही गुण द्यायचो, नुसत्या उत्तराला नाही.

"गाडी उभी ठेवणं परवडत नाही," असं काहीजण म्हणतील. पण ते प्रश्न अर्ध्या तासात संपले. तीन गॅरेजांत मात्र कितीतरी फेऱ्या वाया गेल्या.

असो. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गेलात तर "आधी दोष शोधा, त्याची मजुरी वेगळी घ्या" असं सांगून पाहा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलू द्या, म्हणजे गुण कशाने आला ते तरी कळेल.