मोठ्या चाकांचें वेड

मोटार विकत घेतांना आमचीं मध्यम स्थितींतील कुटुंबें पूर्वीं तीन प्रश्न विचारीत असत: एका लिटरांत किती जाते, दुरुस्ती कोठें होते, आणि मागच्या बाकावर किती माणसें नीट बसतात. अलीकडे त्यांत चौथ्या प्रश्नाची भर पडली आहे. ‘चाकें किती इंची?’ १६ म्हटलें तर विचारणारा सहानुभूतीनें मान हलवितो. १७ म्हटलें तर त्याचे डोळे किंचित् मोठे होतात. आणि १८ म्हटलें म्हणजे त्या गाडीचे बाकीचे गुणदोष पाहण्याची त्यास गरजच उरत नाहीं. या चौथ्या प्रश्नाविषयीं आम्हांस स्पष्ट लिहावयाचें आहे. ज्यांनीं नुकतीच अशी गाडी दारांत आणून तिला हार घातला असेल त्यांस तें रुचणार नाहीं, हें जाणूनच आम्ही लिहीत आहों.

मोठ्या चाकांच्या कैवाऱ्यांचा पहिला मुद्दा असा कीं, लहान चाक खड्ड्यांत पडतें व मोठें चाक त्यावरून निघून जातें. पुरावा म्हणून ते बैलगाडीचें पुरुषभर उंचीचें चाक दाखवितात. यांत खोटें कांहीं नाहीं, आणि म्हणूनच हा मुद्दा इतका फसवा आहे. खड्ड्याशीं गांठ पडते ती चाकाच्या बाहेरच्या घेराची, म्हणजे जमिनीला लागणाऱ्या रबराची. विक्रेता जे इंच अभिमानानें सांगतो, ते त्या घेराचे नव्हेत. ते आंतल्या धातूच्या रिमचे होत. मडगार्डाखालची जागा ठरलेली, वेगदर्शक यंत्राचें गणित ठरलेलें; तेव्हां त्याच गाडीला बाहेरचा घेर फारसा वाढवून चालत नाहीं. तो तितकाच ठेवून रिम वाढविली म्हणजे मधलें रबर, आणि त्या रबरांतली हवा, तेवढी कमी झालीच पाहिजे.

टायरच्या अंगावर छापलेले आंकडे वाचणें फारसें कठीण नाहीं, आणि आमच्या वाचकांनीं तें एकदां करून पाहावें. ‘१८५/६५ आर १५’ याचा अर्थ असा कीं, टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ६५, आणि रिम १५ इंची. हिशेब केला तर भिंत सुमारें १२० मिलिमीटर व सबंध चाकाचा व्यास सुमारें ६२१ मिलिमीटर भरतो. आतां ‘२०५/४५ आर १७’ घ्या. भिंत ९२ मिलिमीटर, व्यास ६१६. म्हणजे दोन इंच मोठें म्हणून जें चाक जादा पैसे मोजून घरीं आणलें, तें उंचीनें ५ मिलिमीटर कमीच निघालें. आणि रस्ता व बसणाराची पाठ यांच्यामध्यें हवेची जी गादी होती, तिची २८ मिलिमीटर जाडी नाहींशी झाली. बैलगाडीचा दाखला द्यावयाचाच, तर तो येथें शोभेल: रबर असेंच पातळ करीत गेलें तर शेवटीं उरते ती लोखंडी धांव.

हवा भरलेलें चाक मुळांत निघालें कशासाठीं? रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं त्याचें पेटंट घेतलें, तें गाडी सुलभ चालावी व तिचा खडखडाट कमी व्हावा म्हणून. तें पुढें विस्मृतींत गेलें. बेलफास्ट येथें जनावरांचे डॉक्टर असलेले जॉन बॉइड डनलॉप यांनीं १८८८ च्या सुमारास तीच कल्पना पुन्हां स्वतंत्रपणें सिद्धीस नेली. त्यांच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल भरीव रबराच्या चाकांवर फार आदळत असे. पोराला धक्का बसूं नये म्हणून एका बापानें चाकांत हवा भरली. आज तितकाच प्रेमळ बाप हप्ते फेडून त्या हवेचा चौथा हिस्सा काढून टाकतो, आणि मागें बसलेल्या पोराला सांगतो कीं रस्ते वाईट आहेत.

रस्ते वाईट आहेत हें आम्हांस नाकारावयाचें नाहीं. ते सुधारावेत अशी मागणी करणारांत आमचाही आवाज आहे. परंतु ‘आधीं रस्ते सुधारा, मग चाकांना नांवें ठेवा’ हा युक्तिवाद म्हणजे गळक्या घरांत राहून छत्री मोडून टाकण्यासारखें आहे. आणि सुधारलेला रस्ता म्हणजे तरी काय? मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला. तो सिमेंटकाँक्रीटचा आहे, आणि काँक्रीटला सांधे असतात. पातळ टायरच्या गाडींतून त्यावरून गेलें म्हणजे ते सांधे एकेक करून मोजतां येतात.

आमचे एक स्नेही निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनीं दोन वर्षांपूर्वीं आपली पंधरा इंची चाकांची जुनी गाडी देऊन १८ इंची चाकांची नवी घेतली. गणपतीसाठीं पुण्याहून चिपळूणजवळच्या आपल्या गांवीं जातांना मागच्या बाकावर त्यांच्या मातोश्री होत्या. वय ८२, कंबरेचें जुनें दुखणें. घाट उतरेपर्यंत त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, ‘अरे, गाडी छान आहे, पण तुझ्या त्या जुन्या गाडींत मला झोप लागायची.’ प्राध्यापक म्हणाले, ‘आई, रस्ताच खराब आहे, त्याला मी काय करूं?’ त्यावर मातोश्रींनीं शांतपणें उत्तर दिलें, ‘रस्ता तोच आहे रे.’ आमच्या स्नेह्यांनीं आयुष्यभर तर्कशास्त्र शिकविलें. पण या वाक्यावर त्यांस उत्तर सुचलें नाहीं.

पुढें मुंबई-गोवा महामार्गावर संधिप्रकाशांत एका पाण्यानें भरलेल्या खड्ड्याची कड लागली. अशा वेळीं काय होतें तें सांगण्यासारखें आहे. भिंत उंच असली तर टायर दबतो, हवा तो धक्का पोटांत घेते, आणि चाक वर येतें. भिंत आंखूड असली तर दबण्यास जागाच उरत नाहीं; खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्या चिमट्यांत रबर व त्यांतील दोरे सांपडून तुटतात. तसेंच झालें. टायरची कूस फाटली व रिमला तडा गेला. महामार्गावरच्या पंक्चरवाल्यानें बॅटरीच्या उजेडांत चाक फिरवून पाहिलें व म्हणाला, ‘साहेब, लोखंडी असती तर ठोकून सरळ करून दिली असती. ही अॅलॉयची, हिला ठोकतां येत नाहीं.’ त्या मापाचा टायर त्या रात्रीं चिपळुणांत मिळाला नाहीं. डिकी उघडली, तों आंत जादा चाक निघालें तें १६ इंची, साधें, काळें, लोखंडी! खुद्द कारखानदारानें अडीअडचणीसाठीं म्हणून तें दिलें होतें. वेग बेतानें ठेवा अशी सूचना त्यावर चिकटविलेली होती, हें खरें. पण ब्रेकवर तें चाक बिनतक्रार बसत होतें. मोठें चाक मिरवणुकीसाठीं, आणि घरीं पोंचण्यासाठीं लहान, असाच याचा अर्थ नव्हे काय?

अॅलॉयविषयींही एक गैरसमज दृढ झाला आहे. ॲल्युमिनियमची मिश्रधातु लोखंडाहून हलकी, म्हणून अॅलॉयचें चाक हलकेंच असणार, असें लोक धरून चालतात. सारख्या मापाचें असेल तर बहुधा तसें होतें. पण धातूचा हलकेपणा मापाच्या वाढींत खर्च झाला, कीं १८ इंची अॅलॉय पुष्कळदां १५ इंची लोखंडी चाकाहून जडच भरतें. गाडीचा जो भाग स्प्रिंगांच्या वर असतो त्याचें वजन स्प्रिंगा झेलतात. चाकाचें वजन मात्र स्प्रिंगांच्या खालीं असतें. तें उधळलें म्हणजे त्याला आवरतां आवरतां स्प्रिंगांची त्रेधा उडते, आणि ती त्रेधा आपल्या मणक्यांपर्यंत येऊन पोंचते. नाकापेक्षां मोती जड तो हाच.

खर्चाची बाजूही पाहावी. विजेच्या मोटारींत ती लपत नाहीं. टेस्ला कंपनीच्या ‘मॉडेल एस प्लॅड’ या गाडीचे २०२२ सालचे अमेरिकन सरकारी आंकडे असे आहेत कीं, १९ इंची चाकांवर ती एका भरणींत ३९६ मैल जाते, आणि २१ इंची चाकांवर ३४८. गाडी तीच, बॅटरी तीच. टायरची जातही वेगळी असल्यानें सगळा दोष इंचांच्याच माथीं मारतां येणार नाहीं. तरी ४८ मैलांची ही दक्षिणा ग्राहक कशापायीं देतो, हें त्यानें स्वतःस विचारावें.

प्रतिपक्षाचें एक म्हणणें आम्हांस मान्य आहे. आंखूड भिंतीचा टायर वळणावर बाजूला कमी झुकतो, त्यामुळें सुकाणूचा हुकूम चाकापर्यंत लवकर पोंचतो. आणि फार वेगवान् गाडीस मोठे ब्रेक लागतात, ते मावण्यास मोठी रिम लागते. जर्मनींतील वेगमर्यादा नसलेल्या रस्त्यांवर हें सगळें अर्थपूर्ण आहे. परंतु जी गाडी सकाळीं मुलांना शाळेंत पोंचविते आणि रविवारीं आजीला देवदर्शनास नेते, तिला या गुणांचा उपयोग तो काय? त्याचप्रमाणें लहान तें सर्व चांगलें, असेंही आमचें म्हणणें नाहीं. १९५९ सालच्या ब्रिटिश ‘मिनी’ गाडीस १० इंची चाकें होतीं व ती धक्क्यांबद्दल प्रसिद्ध होती. आमच्याकडील मारुति ८०० चीं १२ इंची चाकेंही खड्ड्यांत पुरीं उतरत. उलट २०१४ सालीं बंद पडलेल्या अँबॅसडर गाडीची रिम १५ इंची, पण तिच्यावर पोट सुटलेल्या गृहस्थासारखा गुबगुबीत टायर. तिचे इतर दोष आम्ही जाणतों. तथापि तिच्या मागच्या बाकावर कंबर दुखल्याची तक्रार क्वचित्‌च कोणी केली असेल.

मग हें वेड आलें कोठून? नव्या गाडीचें चित्र कागदावर काढतांना चित्रकार चाकें अवाढव्य काढतो. त्यामुळें गाडी जमिनीला घट्ट धरून उभी आहेसें दिसतें. दरवाजे व कंबर उंच होत गेल्यावर लहान रिम त्यांत खरोखरच केविलवाणी दिसूं लागली. म्हणजे कारण दिसण्याचें आहे, आणि दिसणें हा गुन्हा नव्हे. गुन्हा आहे तो दिसण्याला गुण म्हणून विकण्याचा. फ्रान्समधील सीत्रोएन कंपनीची १९४८ सालीं लोकांपुढें आलेली ‘दोन अश्वशक्तींची’ गाडी आंखतांना अट अशी घातली होती कीं, नांगरलेल्या शेतांतून अंड्यांची टोपली न फुटतां नेतां आली पाहिजे. आजच्या गाडीस अशी अट कोणी घालीत नाहीं. तिची परीक्षा उभ्यानें, छायाचित्रांत होते. गाड्यांचे परीक्षकही पहिला परिच्छेद चाकांच्या रुबाबावर खर्च करतात व मागचें बाक शेवटच्या दोन ओळींत उरकतात, कारण ते स्वतः पुढें बसून गाडी हांकतात.

सर्वांत मोठी तक्रार पुढेंच आहे. समंजस ग्राहकानें लहान रिम मागितली तरी ती त्यास मिळत नाहीं. एकाच गाडीच्या पांच-सहा प्रती निघतात. चांगलीं आसनें, अधिक उजेडाचे दिवे, सुरक्षिततेचीं जादा साधनें हीं बहुधा वरच्या प्रतींत, आणि मोठीं चाकेंही त्याच प्रतीला जखडलेलीं. श्रीखंड हवें असेल तर ठेचाही ताटांत घेतलाच पाहिजे, असा हा वाढप्याचा हट्ट! खालच्या प्रतीचीं चाकें त्याच गाडीवर त्याच कारखान्यांत बसतात. मग वरच्या प्रतीच्या ग्राहकास तीं निवडण्याची मुभा कां नसावी? इतर देशांत अशी निवड पुष्कळ ठिकाणीं मिळते. येथें ती मिळत नाहीं, कारण आपण ती मागत नाहीं. आपण दुकानांत जाऊन विचारतों तें एवढेंच, कीं याहून मोठीं आहेत का.

आमच्या प्राध्यापक-स्नेह्यांनीं पुण्यास परतल्यावर त्याच गाडीच्या खालच्या प्रतीचीं चार १६ इंची चाकें उंच भिंतीच्या टायरांसह मागविलीं. दुकानांतील तरुणानें दोनदां विचारलें, ‘सर, नक्की लहानच हवींत ना?’ उरलेलीं तीन अठरा इंची चाकें आतां त्यांच्या गच्चीवरच्या खोलींत आहेत. मार्गशीर्षांत मातोश्री पुन्हां त्याच रस्त्यानें गांवीं गेल्या; महाड गेलें केव्हां हें त्यांस कळलें नाहीं.